वाटप झाले असे

“‘करतो’ नको. ‘झाले’ लिही.”

मी ‘करतो’वर रेघ मारायला गेलो, तर भाऊसाहेबांनी कागदच ओढून घेतला. खाडाखोड चालायची नाही, नवा घे म्हणाले. त्या तीन दिवसांत असे अकरा फुलस्केप कागद वाया गेले. बारावा अजून माझ्या ट्रंकेत आहे, घड्यांवर विरलेला, खाली तेलाचा एक डाग.

साल १९६८, पाडव्याच्या अलीकडचे दिवस. आदल्या वर्षी मी मॅट्रिक झालो होतो आणि अक्षर बरं म्हणून गावातले लोक पत्रं, अर्ज लिहायला मला हाक मारायचे. घरचीच वाटणी निघाली तेव्हा लेखनिक कोण हा प्रश्नच आला नाही. माझं म्हणणं कुणी विचारलं नाही, ते विचारायची रीतही नव्हती.

खटाव तालुक्यात, येरळेच्या अंगाला आमचं गाव. आजोबा १९६६च्या पावसाळ्यात गेले. मागं आजी, तीन मुलगे आणि लग्न होऊन गेलेल्या दोन मुली. माझे वडील थोरले, त्यांना आम्ही आबा म्हणायचो. मधले तात्या, धाकटे नाना. आजोबांच्या माघारी सातबाऱ्यावर आबांचं नाव लागलं, पुढं ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बाकीची नावं ‘इतर हक्कात’. मॅनेजर हा शब्द आबांना फार आवडायचा. नांगर धरून हात घट्ट्यांनी भरलेले, आणि मॅनेजर.

एकत्र चाललेलं घर फुटलं ते भूकंपानं, असं आमच्याकडं म्हणतात. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा आमच्या मागल्या अंगाची पांढऱ्या मातीची भिंत आढ्यापासून जोत्यापर्यंत चिरली. भिंतीला लागून तात्यांची खोली. डागडुजीचा खर्च सामाईकातून व्हावा असं तात्या म्हणाले. आधी विहिरीवरच्या इंजिनाचा हप्ता भरा, भिंत पावसाळ्यापर्यंत थांबंल, असं नाना म्हणाले. आबा काहीच बोलले नाहीत आणि तेच तात्यांना लागलं. पुढचे तीन महिने जेवताना कुणी कुणाला ‘वाढ’ म्हणेना. लोक सर्रास म्हणतात बायकांमुळं घरं फुटतात. मला ते कधीच पटलं नाही. आमच्या घरात माझी आई आणि दोन्ही चुलत्या शेवटच्या दिवसापर्यंत एकाच काटवटीत पीठ मळत होत्या.

वाटणीला पाडव्याचा सुमार धरतात तो उगाच नाही. शाळू खळ्यावर येऊन गेलेला असतो, रानं मोकळी, बांध उघडे दिसतात, सालगड्यांची सालंही पाडव्यालाच बदलतात. उभ्या पिकात वाटे घातले की कुणाच्या वाट्याला कणीस आलं आणि कुणाच्या वाट्याला धसकट यावरच वर्ष जातं.

पंच चार. गावचे पोलीस पाटील, शाळेतले निवृत्त मास्तर, कचेरीतून कारकुनी करून आलेले भाऊसाहेब, आणि आजीचे धाकटे भाऊ म्हणजे आबांचे मामा. मामा हवाच. भाच्यांना शिव्या घालायचा हक्क गावात दुसऱ्या कुणाला नसतो.

‘झाले’ची मेख भाऊसाहेबांनी पहिल्याच रात्री समजावली. शंभर रुपयांवरच्या स्थावराचं वाटप कागदानं करायचं तर तो कागद रजिस्टर करावा लागतो, स्टँप आला, तालुक्याला हेलपाटे आले. पण भाऊभाऊ तोंडी वाटून मोकळे झाले आणि मागाहून आठवणीसाठी टिपण करून ठेवलं, तर ती नुसती याद. यादीला रजिस्टर लागत नाही. म्हणून सगळी क्रियापदं भूतकाळी हवीत. जमिनीला अजून दोरी लागली नव्हती, एकही भांडं जागचं हललं नव्हतं, आणि कंदिलाच्या उजेडात मी लिहिलं: ‘आम्ही तिघे बंधू आमचे राजीखुशीने व अक्कलहुशारीने पूर्वीच विभक्त झालो असून आमचेमध्ये वाटप झाले असे, त्याची ही याद.’ शाळेत मी व्याकरणात पहिला यायचो.

रान सगळं मिळून सत्तावीस एकर. त्यात मळा सहा एकर, शाळवाचं काळं रान नऊ, आणि बारा एकर माळ, जिथं बाजरी, मटकी, हुलगा होईल तसा. शिवाय ओढ्याकाठी अठरा गुंठ्यांचा एक डाग होता. शहाणपणानं बघायचं तर एकाला मळा, एकाला काळं असं किंमत करून वाटायला हवं होतं. पण तसं कुणी करत नाही. प्रत्येकाला प्रत्येक जातीतला वाटा लागतो, कारण पाऊस झाला तर माळ पिकणार, नाही झाला तर मळाच जगवणार, आणि भावाचं जगतंय आणि आपलं नाही हे कुणाला सोसत नाही. म्हणून तिन्ही जागी तीन-तीन उभे पट्टे. आमच्या आजोबांच्या वेळीही तसंच झालं होतं. आता माझी पोरं त्या पट्ट्यांत ट्रॅक्टर वळवताना शिव्या देतात.

वाटे कुणी पाडायचे आणि कुणी उचलायचे याची आमच्याकडची रीत अशी: थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा, मग मधल्यानं, उरेल तो थोरल्याचा. चिठ्ठ्या टाकाव्यात असं तात्यांचं म्हणणं होतं, पण मामांनी ते उडवून लावलं. मला विचाराल तर चिठ्ठीपेक्षा ही रीत शंभर पटीनं बरी. चिठ्ठीत नशिबाला दोष देता येतो. इथं वाटे पाडणाऱ्याला माहीत असतं की आपण जो हिणकस ठेवू तोच शेवटी आपल्या गळ्यात येणार. आबा दोन रात्री झोपले नाहीत. कंदील घेऊन मळ्यात जायचे, खुंट्या उपटून पुन्हा रोवायचे. आई म्हणायची, “गडीमाणसाला भूत लागलंय.”

मळ्याचं माप सोपं होतं, वीस साखळ्या लांब आणि बारा साखळ्या रुंद. साखळी म्हणजे तेहतीस फूट, तिचे सोळा आणे. एक साखळी चौरस म्हणजे गुंठा, चाळीस गुंठे म्हणजे एकर. बारा साखळ्या रुंदीचे चार-चारचे तीन पट्टे केले की दोन-दोन एकर बरोब्बर बसतात. पण विहीर एका कोपऱ्याला. तिच्यापासून निघालेला पाट तिन्ही पट्ट्यांच्या डोक्यावरनं जातो, आणि शेवटच्या पट्ट्याला पोचेपर्यंत पाणी वाटेतच मुरतं. त्या मुरणाऱ्या पाण्याची भरपाई म्हणून आबांनी शेवटचा पट्टा चार साखळ्या दोन आणे केला आणि अलीकडचे दोन तीन साखळ्या पंधरा आणे. फरक तीन आण्यांचा, म्हणजे सहा फुटांच्या जरा वर. वीस साखळ्या लांबीवर पावणेचार गुंठे होतात. काळ्या रानात ओढ्याकडचा पट्टा पुरात कातरला जायचा, म्हणून तो तीन एकर आठ गुंठे, उरलेले दोन प्रत्येकी दोन एकर छत्तीस गुंठे. हे सगळं आबांनी बोटांवर केलं. ते चौथी नापास होते.

साखळी मात्र खरी नव्हती, वाखाचा दोर होता. मास्तरांनी शाळेतल्या लाकडी फूटपट्टीनं तो तेहतीस फूट मोजला आणि आण्याआण्याला रंगीत चिंधी बांधली. सकाळी पहिला पट्टा मोजून झाला, दुसरा निम्मा झाला, आणि मामा दोर हातात चाचपत म्हणाले, “ह्यो कुठनं आणला?” दोर विहिरीवरचा. रात्रभर थारोळ्याच्या कडेला पडून भिजलेला. ओला वाख आखडतो, उन्हात वाळला की सैल पडतो. मास्तरांनी पुन्हा फूटपट्टी लावली तर सकाळच्या आणि दुपारच्या मापात साखळीमागं चार बोटांचा फरक. चार बोटं ऐकायला काहीच नाहीत, पण वीस साखळ्यांत ती माणसाच्या उंचीएवढी होतात. सगळ्या खुंट्या उपटल्या. दोर उन्हात ताणून ठेवला, आम्ही लिंबाखाली भाकरी खाल्ली आणि दुपारी दोनला पहिल्यापासून सुरुवात केली. तात्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी विसरलो नाही. त्यांना वाटलं होतं दोर आबांनी मुद्दाम भिजवला. ते तसं बोलले नाहीत, आणि आबांनीही तो चेहरा पाहिला नाही असं दाखवलं.

हद्दीचे दगड रोवताना मामांनी चुलीतला कोळसा मागवला. प्रत्येक दगडाच्या बुडात ओंजळभर कोळसा आणि फुटक्या खापराचे तुकडे. दगड कुणी रात्रीत सरकवू शकतो, पण खाली कोळसा आहे हे त्याला ठाऊक असलं तरी तो वेचून नेता येत नाही, आणि कोळसा कुजत नाही.

मग नानांना वाटा उचलायला सांगितलं. सगळ्यांना वाटत होतं ते विहिरीजवळचा घेणार. नाना मळ्याच्या मधोमध बराच वेळ उभे राहिले आणि चालत चालत शेवटच्या, रुंद पट्ट्यात जाऊन बसले. तात्यांनी विहिरीजवळचा घेतला. आबांना मधला आला. मधला पट्टा म्हणजे काय हे ज्याच्याकडं आहे त्यालाच कळतं: दोन्ही अंगांनी बांध आणि दोन्ही बांधांपलीकडं भाऊ. दर नांगरटीला दोन्हीकडनं चार-चार बोटं कोरली जातात आणि दरवर्षी आपणच तक्रारखोर ठरतो.

ओढ्याकाठच्या अठरा गुंठ्यांचे सहा-सहा गुंठे भाऊसाहेबांनी होऊ दिले नाहीत. तुकडेबंदीचा कायदा १९४७चा, एवढाले तुकडे कागदावर टिकायचे नाहीत. तो डाग सामाईक ठेवला. सामाईक म्हणजे तिघांनी मिळून पडीक टाकला.

जमिनीला एक दिवस गेला, विहिरीला दीड.

विहीर पूर्वी मोटेची. १९६४ला कर्ज काढून तिच्यावर पाच हॉर्सपॉवरचं ऑइल इंजिन बसवलं होतं, त्याचे अठराशे रुपये फिटायचे होते. कर्ज प्रत्येकी सहाशे, हे पाच मिनिटांत झालं. कर्ज नेहमी सरळ वाटलं जातं. पाणी नाही. दोन-दोन दिवसांची पाळी ठरली, पण बदलायची कधी? दिवस उगवताना, असं मी लिहूनही टाकलं, कागद क्रमांक सहा. तेवढ्यात तात्यांनी विचारलं, रात्रीतनं जे पाणी पाझरून वर येतं ते कुणाचं? उन्हाळ्यात आमच्या विहिरीला संध्याकाळी गुडघाभर पाणी असायचं आणि पहाटेपर्यंत पुरुषभर चढायचं. दिवस उगवताना पाळी बदलली तर आदल्यानं मध्यरात्री इंजिन चालू करून सगळं उपसलं तरी त्याचं चूक नाही, आणि नव्यानं सकाळी येऊन नुसता तळ बघायचा. एकानं म्हणावं पाझर विहिरीचा, दुसऱ्यानं म्हणावं पाझर पाळीवाल्याचा. दुपार त्यात गेली. शेवटी पाटलांनी तोड काढली: पाळी दिवस मावळताना बदलायची, म्हणजे रात्रीचा पाझर ज्याचा, दुसरा दिवसही त्याचाच. सातवा कागद. पाळी वारांवर बसत नाही, सात दिवसांना तीन भावांनी भाग जात नाही, म्हणून इंजिनाच्या खोपटात भिंतीवर कोळशानं खुणा करायच्या ठरल्या. उभी रेघ आबांची, आडवी तात्यांची, फुली नानांची. कित्येक वर्षं त्या भिंतीकडं पाहिलं की कुणी कुणाशी कधी भांडलं ते वाचता यायचं. भांडणाच्या दिवशी रेघ जोरात ओढलेली असायची.

याच दिवशी आजीनं पेटीतून आजोबांच्या वाटणीचा कागद काढून दिला. शके १८४६चा, सगळा मोडीत. आमच्यापैकी कुणाला अक्षर लागेना, मास्तर चष्मा सरसावून वाचू लागले. पाय न उचलता नाचणारा माणूस जसा दिसेल तसं ते लिखाण. विहिरीच्या धावेमागून बैलगाडी जायची वाट कुणाची, हा भावकीशी जुना तंटा होता, तो त्या कागदानं आमच्या बाजूनं मिटवला. पण मी बघत होतो ते तळाशी. आजोबांना सही येत नव्हती. त्यांच्या नावापुढं लिहिलं होतं ‘निशाणी नांगर’, आणि शेजारी बोरूच्या चार रेघांत काढलेला नांगर, रुमणं आणि फाळासकट. त्यांच्या भावाच्या नावापुढंही नांगरच, पण तो उलट्या तोंडाचा. दोन भाऊ एकाच कागदावर दोन दिशांना नांगरत चाललेले. हे मी तेव्हा आबांना दाखवलं. “दुसऱ्याचा हात डावरा आसंल,” ते म्हणाले.

घर नऊ खणांचं, प्रत्येकी तीन खण, चिरलेली भिंत तात्यांकडंच गेली आणि तिच्या डागडुजीपोटी त्यांना कडब्याची गंज जास्त दिली. देव थोरल्याकडं. खंडोबाचे टाक वाटता येत नाहीत, पण जागरणाचा खर्च तिघांचा.

जनावरांचा हिशेब तोंडावर झाला. पुसेगावच्या यात्रेतनं आणलेली खिलारी जोडी अकराशेची धरली, जुनी जोडी सातशेची, दोन म्हशी मिळून नऊशेच्या. एकूण सत्तावीसशे, वाट्याला नऊशे. तात्यांनी नवी जोडी घेतली आणि आबांना वर दोनशे द्यायचे कबूल केले. ते दोनशे आमच्या घरात पुढं अकरा वर्षं बोलण्यात होते. नानांच्या वाट्याला म्हशी आल्या, पैशानं चोख नऊशे आणि दारात एकही बैल नाही. त्या सालचा खरीप नानांनी आमच्या बैलांवर पैरा करून पेरला.

भांडी सोप्यात मांडली. घागरी, हंडे, पराती, तांबे, वाट्या, एक मोठं सतेलं. तागडी आणून पितळ वजनावर वाटायचं ठरलं. पण आधी बायकांनी भांडी उलटी करायला सुरुवात केली. ज्याच्यावर माहेरचं नाव कोरलेलं, ते भांडं तागडीत जात नाही, ते त्या बाईचं. माझी आई, दोन चुलत्या आणि आजी खाली बसून एकेक भांडं कंदिलाजवळ नेत होत्या, काठावर बोट फिरवत होत्या. त्यांच्यातल्या कुणालाच वाचता येत नव्हतं. नाव कुठं आहे ते बोटाला कळायचं, काय आहे ते मी वाचायचो. एका तांब्यावर निघालं माझ्या धाकट्या आत्याचं नाव. लग्नात आंदण दिलेला, पण सासरी न्यायचा राहून गेलेला. आजीनं तो पदरात घेतला. त्या अख्ख्या वाटणीत बहिणींचा विषय निघाला तो त्या तांब्यापुरता.

तसा आणखी एकदा निघाला. भाऊसाहेब हळूच म्हणाले, “छप्पन सालचा वारसा कायदा झालाय. मुलींचं आणि बाईंचं काय लिहायचं?” पाटील हसले. “पोरी काय मागत्यात व्हय?” दोन्ही आत्यांनी वारस नोंदीच्या वेळीच तलाठ्यापुढं जबाब दिला होता, आम्हाला काही नको, भावांचा उंबरा राहू दे. त्यांना त्या दिवशी साडीचोळी झाली होती.

राहिली आजी. ती माजघराच्या दाराआड बसलेली. मामांनी विचारलं, “आक्काचं काय?” सोप्यात कुणी बोललं नाही. दाराआडून तीच म्हणाली, “मला काय करायचाय वाटा. चार मैनं हिकडं, चार मैनं तिकडं.” भाऊसाहेबांनी सांगितलं तसं मी लिहिलं: ‘मातोश्रींचे पोटगीदाखल तिघा बंधूंनी प्रत्येकी सालिना ज्वारी दोन मण व लुगडे एक देत जावे, व त्यांनी चार चार महिने आळीपाळीने राहावे.’ बाराव्या कागदावर ती चौदावी ओळ आहे. त्यातलं ‘मातोश्री’ मी फार वळणदार काढलं आहे.

जात्याचं काय हे ठरलंच नाही. एक जातं, तीन चुली. आजी ज्या घरात असेल तिथं जातं, असं मामा बोलले आणि ते लिहायचं राहिलं.

सुतार, लोहार, न्हावी आदल्या संध्याकाळी पारावर येऊन बसले होते. त्यांचा प्रश्न रास्त होता: आता बलुतं एका घरचं का तीन घरांचं? औतं तीन झाली, दाढ्या तेवढ्याच. तिघांचे तीन, पण पेंढ्या निम्म्या, असं काहीतरी ठरलं. भाऊ एकत्र असताना बलुतेदार आबांकडं बघून बोलायचे, त्या दिवशी पहिल्यांदा ते तिघांकडं आळीपाळीनं बघत होते.

शेवटच्या रात्री शेवट लिहिला, भाऊसाहेबांच्या तोंडून, त्यांच्या एका दमात: ‘सदर मिळकती तदंगभूत जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह ज्याचे त्याचे कबजात असून त्याबाबत एकमेकांविरुद्ध कसलीही तक्रार राहिली नसे.’ निक्षेप म्हणजे काय हे मी विचारलं. पुरलेलं धन, म्हणाले. नाना म्हणाले, “गावलं तर तिघांत.” सगळे हसले, तीन दिवसांत पहिल्यांदाच. आबा आणि तात्यांनी सही केली, नानांनी अंगठा दिला, कारण त्यांना सही येत असूनही ऐन वेळी हात चालेना. तेव्हाच कंदिलाचं तेल सांडलं.

सकाळी आईनं वेगळी चूल मांडली. तीन दगड, वर तवा. पहिली भाकरी तिनं सवयीनं अकरा माणसांच्या पिठाची थापायला घेतली आणि मग पीठ परत टोपल्यात ओतलं.

विभक्तपणा चार वर्षं टिकला. १९७२ला विहिरीचा पाझर थांबला, पाळीच उरली नाही. तिन्ही घरची माणसं एकाच रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची, सुकडी एकाच फडक्यात बांधून आणायची, आणि लाल मिलोच्या भाकरी थापायला एकच चूल पेटायची, कारण सरपण नव्हतं. त्या सात-आठ महिन्यांचं कुठल्या यादीत काही नाही. पाऊस झाला आणि भिंतीवर पुन्हा रेघा सुरू झाल्या. आजी १९७४ला गेली, तात्यांच्या चार महिन्यांत.

सातबारा मात्र होता तसाच. कर्ज काढायचं तर आबांची सही, नुकसानभरपाई आली तर आबांच्या नावावर. १९९७ला आबा गेल्यावर मी तहसीलदारांकडं जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५चा अर्ज टाकला, की पट्टे ज्याच्या त्याच्या नावावर व्हावेत. सोबत याद जोडली. वकिलांनी ती वाचली, चष्मा काढला आणि टेबलावर पेन्सिलीनं आकडे मांडले. आजोबा, आजी, तीन मुलगे: पाच वाटे. आजोबांचा पाचवा हिस्सा सहा वारसांत: आजी, तीन मुलगे, दोन मुली. म्हणजे प्रत्येक मुलीचा तिसावा हिस्सा. सत्तावीस एकरांचा तिसावा हिस्सा छत्तीस गुंठे. आणि आजीचा तीसांतले सात, सहा एकर बारा गुंठे. मी ती पेन्सिल बघत राहिलो. सहा एकर बारा गुंठ्यांचे सहा मण ज्वारी आणि तीन लुगडी मीच केली होती, वळणदार अक्षरात.

सगळ्या हिस्सेदारांना नोटिसा गेल्या. थोरली आत्या तोवर नव्हती, तिच्या मुलांनी सह्या दिल्या. धाकटी आत्या फलटणहून नातवाच्या जीपमधून आली. सत्तरी उलटलेली. सही करायच्या आधी म्हणाली, “वाच.” मी जबाब वाचायला लागलो. “त्यो न्हाई. त्यो जुना वाच. तुझ्या हातचा.” मी याद वाचली, सुरुवातीपासून. ‘पूर्वीच विभक्त झालो असून’ इथं तिनं थांबवलं. “कवा?”

“अठ्ठावीस... अडुसष्ट साली, आत्या.”

“त्यात लिवलंय पूर्वीच. त्याच्या पूर्वी कवा?”

मी तिला भाऊसाहेबांची भूतकाळाची मेख सांगितली. ती ऐकून घेत होती, मान हलवत होती. मग म्हणाली, “आन माझं नाव कितव्या वळीत?” मी म्हणालो, नाही. तांब्या आजीनं घेतला होता, तो लिहिलेला नाही. तिनं सही केली. कुठं करायची ते बोट ठेवून दाखवावं लागलं, पण केली सहीच, सावकाश, वेलांटी राहिली ती पुन्हा देऊन.

उठताना तिनं आईचं जातं मागितलं. ते मागच्या दारी न्हाणीजवळ होतं, तळी पालथी घालून आम्ही पायरी केलेली, वरचं पाळं तुळशीच्या बुडाला टेकवलेलं. नातवानं आणि माझ्या मुलानं दोन्ही पाळी उचलून जीपमध्ये चढवली. आत्यानं गाडीत बसून त्यांच्यावर हात फिरवला, मधल्या भोकात बोट घालून बघितलं.

“खुट्टा कुठाय?”

खुट्टा नव्हता.